कडं उलटं फिरत नाही

घर भाड्यानं देताना माणसं काय काय विचारतात ते मला पाठ होतं. लग्न झालंय का, मांसमच्छी करता का, पाहुणेरावळे किती. लातूरला खोली बघायला गेले तेव्हा सगळी उत्तरं घोकूनच गेले होते. अप्पांनी यातलं एकही विचारलं नाही. ते दारातच उभे होते. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, अंगात पांढरा सदरा आणि दोन्ही मनगटांवर एकेक दणकट घड्याळ. मला एकदा वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "विहिरीत उतरता का तुमी?"

मी उमरीची. तिरपं बोलायला मलाही येतं. "अजून तरी वेळ आली नाही," असं म्हटलं आणि मग खरं ते सांगितलं. माझी नोकरी कंत्राटी होती, ठरवून दिलेल्या विहिरींची पाणीपातळी मोजायची. वजन लावलेली टेप खाली सोडायची, पाण्याला टेकल्याचा आवाज आला की आकडा टिपायचा आणि पुढच्या गावाला निघायचं.

अप्पांचा चेहराच बदलला. "किल्लारीच्या पल्याड, आमच्या जुन्या गावठाणात चिंचंखाली एक हीर हाय. ती तुमच्याकडं हाय का?"

"आहे की."

"मग सामान आणा."

लातुरात 'अप्पा' अशी हाक मारली तर निम्मा बाजार मागं वळून बघेल, तेव्हा त्यांचं नाव नाही सांगितलं तरी काही बिघडत नाही. पाण्यातल्या मोटारींचं त्यांचं जुनं दुकान होतं, ते आता मुलगा सांभाळायचा. तरी अप्पा रोज थोडा वेळ गल्ल्याशेजारी जाऊन बसत आणि मोटार नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडून एक वाक्य वदवून घेत, "मोटार अडकली तर माणूस उतरवणार न्हाई." मोठमोठे बागायतदार शाळेतल्या पोरासारखे हे म्हणून दाखवायचे, कारण त्याशिवाय अप्पा मोटारीवरचा हात काढत नसत. मुलगा लाजेनं मान खाली घालायचा.

घड्याळांचा उलगडा मला पहिल्याच आठवड्यात झाला, तोही बॅरलमध्ये. लातूरचं पाणी म्हणजे आलं तेव्हा आलं. घरोघरी निळे बॅरल भरलेले असतात. अप्पांच्या मोरीच्या कोपऱ्यात तीन होते. काकूंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, "घे त्यातलं," म्हटलं म्हणून मी तांब्या घेऊन कडेच्या बॅरलचं झाकण उचललं, तर आत तळाशी हिरवट उजेडाची वर्तुळं. एक नाही, चांगली पाच-सहा. पाणी हललं तशी तीही हलली, डोळे मिचकावल्यासारखी. माझ्या हातातला तांब्या आत पडला. स्वयंपाकघरातून काकू शांतपणे म्हणाल्या, "त्यातलं नको, माय. त्यात घड्याळं हाईत."

ती पाणबुड्यांची घड्याळं होती. समुद्रात उतरणारी माणसं घालतात तसली, जाड काचेची, आकड्यांना रेडियम लावलेली. जुन्या धाटणीची. पण अप्पांनी एकही आख्खं विकत घेतलेलं नव्हतं. जगात कुठं कुठं त्या कंपन्यांचे मूळ सर्व्हिस पार्ट पडून असतात, ते ते शोधत. आज कुरियरनं डायल यायची, चार महिन्यांनी काटे, पुढच्या वर्षी बाहेरची धातूची केस. सगळं जमलं की डोळ्याला भिंग लावून अप्पा ते जुळवत, झाकण आवळत, उन्हात ठेवत आणि मग पाणी शिरतं का बघायला बॅरलमध्ये बुडवत. ज्या शहरात आंघोळीला पाणी नाही, तिथं हा माणूस खोल समुद्राची घड्याळं जमवत होता. मी हे त्यांना तोंडावर म्हटलंही. ते हसले नाहीत.

"ताई, ह्या पार्टाचं कसं असतंय बगा," त्यांनी मला एक प्लॅस्टिकची पुडी दाखवली. आत नखाएवढं चाक होतं. "कंपनी घड्याळं करती तवाच जास्तीचे पार्ट करून ठिवती. कुणाचं तरी बिघडंल, त्यो माणूस येईल, त्याला लागंल म्हणून. आता त्यो माणूस आलाच न्हाई. ह्यो आपला डबीत बसून वाट बघून राहिला."

"मग जुनं आख्खं घड्याळच घ्यायचं. सोपं नाही का?"

"वापरलेल्याला दुसऱ्याचा वखत लागलेला असतोय," अप्पा म्हणाले, आणि पुडी कुणी झोपलेलं असावं तशी अलगद खाली ठेवली.

वखत हा त्यांचा शब्द. वेळ, टाइम, तास असलं काही त्यांच्या तोंडी नसे. आणि किती वाजले असं विचारलं तर अप्पा कधीच सांगत नसत. घरात इतकी घड्याळं, पण शाळेत जाणाऱ्या शेजारच्या पोरीला मी माझ्या मोबाइलवर बघून सांगायचे. अप्पांचं लक्ष काट्यांवर नसायचंच, काचेभोवतीच्या कड्यावर असायचं. पाण्यात उडी घेताना पाणबुड्या त्या कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणतो, म्हणजे खाली जाऊन किती झालं ते नुसत्या नजरेनं कळतं.

"हे कडं एकाच बाजूला फिरतंय," अप्पा मला करकर आवाज करून दाखवत. "उलटं न्हाई फिरत. खाली कशाचा धक्का लागला तर वखत जास्ती झाला असंच दिसंल, कमी कधीच न्हाई. जास्ती दिसला की माणूस लवकर वर येतो. जास्तीनं कुणी मरत न्हाई."

ओसरीच्या भिंतीवर ओळीनं खिळे होते, घरातल्या प्रत्येकाचा एक. मी राहायला आल्यावर माझाही ठोकला गेला. कुणी बाहेर पडलं की अप्पा त्याच्या खिळ्यावरच्या घड्याळाचं कडं फिरवून ठेवत, परत आलं की न बोलता पुन्हा जागेवर आणत. उशीर झाला तर फोन. हॅलो नाही, कुठं आहात नाही. फक्त "वखत झाला," आणि फोन बंद. काकू नात्यातल्या लग्नात पंगतीला बसलेल्या असायच्या आणि पदराखालून अप्पांचा आवाज यायचा, "वखत झाला." एकदा मी सुट्टीला उमरीला आईकडे गेलेली, तरी फोन आला. आईनं विचारलं, "कोण गं?" घरमालक म्हटल्यावर तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की पुढचे दोन दिवस मी खुलासे करत बसले.

मला त्याचा भयंकर राग यायचा. सज्ञान बाई मी, एकटी जिल्हाभर हिंडते आणि भिंतीवर माझ्या नावानं घड्याळ टांगलेलं. पण राग पुरता वर यायच्या आत कशानं तरी तो निवायचा. एका संध्याकाळी लाइट गेली. मी खाली आले तर ओसरीवर मिट्ट काळोख, आणि त्यात भिंतीवर रांगेनं हिरवी वर्तुळं. आत परातीपाशी काकूंचं मनगट. ही घड्याळं हातात घातली तरच चालत राहतात, नुसती ठेवली की दुसऱ्या दिवशी थांबतात, म्हणून अप्पांनी सगळ्यांना पाळीपाळीनं घालायला लावली होती. एक हिरवा ठिपका भाकरी थापत होता. अप्पा मधोमध बसले होते, मान वाकडी करून.

"एक गप झालं," ते म्हणाले.

"कुठलं?"

अप्पा अंधारातच उठून सरळ माझ्या खिळ्यापाशी गेले, घड्याळ काढून हलवलं, कानाला लावलं. ते पुन्हा चालू झाल्यावर त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मी तर तिथंच, त्यांच्या शेजारी उभी होते. तरी त्या रात्री मी जिना चढताना मागं बघत बघत चढले.

खंडेनवमीची गोष्ट त्याच वर्षीची. आपल्याकडे नवमीला हत्यारं-अवजारं पुजतात, आणि अवजार कशाला म्हणायचं याला काही धरबंद नाही. काकूंनी विळी, पाटा, मिक्सर, मुलाची गाडी सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मी माझ्या टेपला लावलं, स्कूटरला लावलं आणि हुरूप आला म्हणून ताट घेऊन अप्पांच्या टेबलाकडे गेले. तिथं झाकण उघडं असलेलं, काळ्या डायलचं नवं घड्याळ होतं. माझं बोट त्याच्यापाशी पोचायच्या आत अप्पांनी मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"त्याला न्हाई!" असे ओरडले की बाहेर असलेला त्यांचा मुलगा धावत आत आला.

कुंकू लागलं नव्हतंच. तरी त्यांनी ते सगळं घड्याळ पुन्हा सुटं केलं, एकेक चाक पेट्रोलनं धुतलं.  काकू दारात ताट घेऊन उभ्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी बी त्यांच्या घड्याळाला कुंकवाचा हात लावत न्हाई, माय. लगीन झाल्यापास्नं." का, ते मी विचारलं. त्या ताटातली सांडलेली हळद बोटानं गोळा करत राहिल्या.

मी दौऱ्यावरून परत आले की अप्पा एकच विचारायचे, चिंचेखालच्या विहिरीला पाणी किती. बाकी विहिरींशी त्यांना कर्तव्य नव्हतं. दुष्काळाच्या वर्षी भोवतीच्या सगळ्या विहिरी खडखडीत झाल्या, ती मात्र आटली नाही. "तळ न्हाई दिसला?" त्यांनी दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर जेवायला बसले आणि तसेच उठले. मग एके दिवशी म्हणाले, "मला न्या तिथं."

ऑफिसच्या जीपनं गेलो. भरदुपार होती. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं, जुन्या गावठाणात आता मातीचे उंचवटे आणि वेड्या बाभळी. कुठं चौकट उभी, घर नाही. विहीर मात्र दगडी बांधकामाची, शाबूत. पाण्यातून एक गंजका पाइप वर आलेला. अप्पांनी खिशातून ते काळ्या डायलचं घड्याळ काढलं, पिशवीतून सुती दोर काढला आणि बांधता बांधता बोलायला लागले. मी विचारलं नव्हतं.

"माझा साखरपुडा झाल्ता. सासऱ्यानं घड्याळ घातलं हुतं. सोनेरी, पातळ, दोनच काटे. लई मिरवत हुतो. तवाच हितला फुटबॉल धरला."

फुटबॉल म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, फूट व्हॉल्व्ह, आमच्याकडे तिला सगळे फुटबॉलच म्हणतात. ती अडकली की कुणीतरी बुडी मारून सोडवायची.

"अण्णा उतरायचा. माझा थोरला भाऊ. पाण्यात त्याचा दम लई, पण खाली गेलं की काम सोडवत न्हाई, वखत कळत न्हाई. म्हणून त्याच्या कमरंला दोर, आन् वर दोर माझ्याकडं. काटा ठरल्या जागी आला की मी हिसका द्यायचा, मग त्यानं असंल तसं टाकून वर यायचं. त्या दिशी म्हणला, नवं घड्याळ हाय की तुझ्याकडं, त्याच्यावरच बघ."

दोराची गाठ बसेना. मी धरली.

"मी बघून राहिलो. काटा हालंना. आतून वाटून राहिलं हुतं, लई वखत झाला. पण घड्याळ म्हणून राहिलं, न्हाई झाला. मी घड्याळाचं ऐकलं, ताई. बुडबुडे थांबले तरी घड्याळाचंच ऐकलं."



"मागनं उदगीरला घड्याळजीकडं नेलं. त्यानं झाकण काढलं तर आत कुंकू. नवी वस्तू म्हणून कुणीतरी लावलं, चावीच्या फटीतनं आत गेलं. तेवढ्यानं थांबलं हुतं."

"काकूंना ठाऊक आहे?"

"घड्याळ तिच्या माहेरचं. सांगून काय करू? जन्मभर तिच्या कपाळाकडं बघायचंय मला."

 आपण फ्रीजला लावतो, ट्रॅक्टरला लावतो, मी मोजायच्या टेपला लावते. चिमूटभर कुंकवात कुणाचं काय वाईट असणार?

अप्पांनी कडं फिरवलं, खूण काट्यासमोर आणली आणि घड्याळ खाली सोडलं. हिरवा ठिपका थोडा वेळ दिसत राहिला, मग पाण्यानं गिळला. दुसरं घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं, त्यावर नजर लावून ते उभे राहिले. मीही दोराला हात लावून उभी, ते म्हातारे आणि विहिरीला कठडा नाही म्हणून. मग त्यांनी हिसका दिला आणि खाली वाकून हाक मारली, "अण्णा, वखत झाला!"

झाला, झाला, असं विहीर म्हणाली. आणि दोराला खालून हिसका आला.

घड्याळ त्या जुन्या पाइपात अडकून सुटलं असणार. मी तेव्हाही स्वतःला हेच सांगितलं. पण दोर माझ्याही हातात होता, आणि तो हिसका अडकल्याचा वाटला नाही. कुणी होकार द्यावा तसा होता. घड्याळ वर आलं तेव्हा चालू होतं, आणि कडं पुढं सरकलेलं. अप्पांनी ते उन्हात धरलं, बराच वेळ बघितलं. "लई वखत झाला म्हणून राहिलाय," एवढंच म्हणाले. जीपमध्ये ते लहान मुलासारखे माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले.

घरी पोचलो आणि ते घड्याळ थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. पाणी शिरलं असणार, मी म्हटलं. त्यांनी झाकण काढून त्याची रबरी रिंग बोटानं चाचपली, ती कोरडी ठणठणीत. आत एक थेंब नाही, काचेला वाफ नाही. आणि चाकांच्या मधोमध लाल, बारीक काहीतरी. ज्याला कुणाचा हात लागलेला नाही असं, पुडीतून काढून जुळवलेलं घड्याळ.

"विहिरीचं माणूस तुमी," अप्पा म्हणाले. आवाज बसला होता. "सांगा. गंज हाय का?"

गंज मी जिल्हाभर बघितलाय. पाइपाचा, साखळीचा, कडीचा. ओल नसताना तो कधी धरत नाही. मला हो म्हणायचं होतं.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले, पुढं होऊन करंगळीच्या टोकावर ते लाल घेतलं आणि नाकाशी नेलं.

"गंज न्हाई," त्या म्हणाल्या. "बाजारचं बी न्हाई. माझी आई, आमची अव्वा, घरीच करायची, हळदीला लिंबू पाजून. हे अव्वाच्या हातचं कुंकू हाय." मग म्हणाल्या, "मीच लावलं हुतं ते घड्याळाला. पहिलंच घड्याळ घरात आलेलं, म्हणून."

अप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुला ठाव हुतं?"

"उदगीरचा घड्याळजी आमच्या माहेरच्याच गल्लीतला. त्याच आठवड्यात समजलं. तुमी बोलना, मग मी काय बोलू?"

एवढी वर्षं एका छपराखाली दोघंही हे एकमेकांपासून झाकून बसले होते, एकानं घड्याळं करत आणि दुसरीनं ती मुकाट मनगटावर बाळगत. भिंतीवरची सगळी घड्याळं चालू होती, त्यांचाच आवाज येत होता. 

"म्हंजे अण्णानं परत दिलं." अप्पांनी काकूंच्या करंगळीकडे बघितलं. "राग न्हाई म्हणायचा त्याला. लाव."

काकूंनी ते कपाळाला लावलं. मी चहा न पिता वर निघून आले आणि पोटभर रडले.

पुढच्या खंडेनवमीला अप्पांनी स्वतः घड्याळं टेबलावर ओळीनं मांडली आणि काकू ताट घेऊन आल्या. एकही थांबलं नाही. नवं घड्याळ मात्र त्यांनी त्यानंतर केलं नाही. राहिलेल्या पुड्या तशाच डब्यात होत्या, त्यांना त्यांचा माणूस मिळो म्हणायचे. फोन करणं सोडलं नाही. माझं पुढचं कंत्राट नांदेडकडचं आलं, भोकरच्या बाजूच्या विहिरी माझ्याकडे आल्या, तरी ओसरीवरचा माझा खिळा त्यांनी काढला नाही. दिवसभरात कधीतरी फोन वाजायचा, वखत झाला, आणि बंद.

या उन्हाळ्यात भोकरजवळ एका विहिरीवर होते. टेप खाली सोडलेली, पाण्याला नुकतीच टेकलेली, आणि फोन वाजला. नंबर अप्पांचा. मी हसतच उचलला. आवाज काकूंचा होता.

"वखत झाला, माय," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद केला नाही. पलीकडे घड्याळं ऐकू येत होती, आणि मागं कुणाचं तरी रडणं.

मी तिथंच विहिरीच्या काठावर बसले. बऱ्याच वेळानं टेप वर घ्यायला उठले, आणि घेण्याआधी तिला एक हिसका दिला. मग हात न हलवता थोडी थांबले.